शिवार फेरीला लेकीबरोबर तुम्हीही जा

'मॅडम, माझी सहा एकर कोरडवाहू शेती आहे. सोयाबीन, तूर, रब्बीत जमलं तर हरभरा. मुलगी अकरावी सायन्सला आहे, क्लाससाठी अकोल्याला होस्टेलवर ठेवली आहे. तिनं इंजिनीअर व्हावं, नाहीतर निदान नर्सिंग करावं असं घरात सगळ्यांच्या मनात आहे. ती मात्र बीएस्सी ॲग्री करणार म्हणते. आता कृषी विद्यापीठात शिवार फेरी होणार आहे आणि क्लासची रविवारची टेस्ट सोडून तिला तिथं जायचं आहे. मी तिला शेतीतून बाहेर काढायला शिकवतो आणि ती परत शेतीकडंच चालली. जाऊ द्यावं का? गणित सोडून नुसतं बायोलॉजी ठेवते असंही तिचं चाललं आहे. त्याबद्दलही सांगा.'
– एक पालक, रिसोड तालुका, जि. वाशीम

भाऊ, नमस्कार.

जाऊ द्या. एक टेस्ट बुडाली तर बुडू द्या, अकरावीत तेवढी सवड असते. पण तिला मैत्रिणींबरोबर पाठवून मोकळे होऊ नका. एक दिवस काढून तुम्ही स्वतः अकोल्याला जा आणि तिच्याबरोबर शिवार फेरी करा, म्हणजे विद्यापीठाच्या शेतांवरची उभी पिकं फिरून पाहा. सोयाबीनची सोंगणी तोंडावर आलेली असते, मजूर मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही एक दिवस काढा. हा निर्णय तिच्याइतकाच तुमचाही आहे, आणि घरात बसून वाद घालण्यापेक्षा तो वावरात उभं राहून नीट घेता येईल.

'शेतीतून बाहेर काढायला शिकवतो' या तुमच्या वाक्यामागे काय आहे ते मला समजतं. पेरणी झाल्यावर पावसाचा खंड, शेंगा भरल्या की नको तेव्हा पाऊस, आणि बाजार समितीत माल नेला की हमीभावाच्या खाली लागणारी बोली. लेकीच्या वाट्याला हे येऊ नये असं वाटणारा बाप चुकत नाही. पण कृषीची पदवी घेणं म्हणजे सहा एकरांत परत येणं, हे जे तुम्ही धरून चालला आहात, ते तेवढं बरोबर नाही. पदवी घेऊन कोणी वावरात परत येतं, तेही चांगलंच. बऱ्याच जणांची वाट मात्र बियाण्यांच्या कंपन्या, बँका, कृषी विभाग, प्रयोगशाळा, संशोधन केंद्रं यांच्याकडं जाते. शिवार फेरीत तुम्हाला दिसेल ते हे दुसरं जग.

तुमच्याच घरातलं उदाहरण घ्या. पेरणीच्या आधी घरचं सोयाबीन ठेवणारा शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. तुम्हीही करत असाल. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरणीजोगं, कमी उगवले तर एकरी बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. प्रमाणित सोयाबीन बियाण्यालाही किमान ७० टक्के उगवणशक्तीचीच अट असते. बियाणे तंत्रज्ञान हा कृषी पदवीतला एक विषय आहे आणि त्याची सुरुवात याच मोजणीपासून होते. तुमच्या लेकीनं हे लहानपणापासून घरात पाहिलं आहे. शहरातल्या मुलाला ते पुस्तकातून शिकावं लागतं.

आता शिवार फेरीत नेमकं काय पाहायचं ते सांगते, कारण नुसतं फिरून आलात तर हिरवीगार पिकं पाहिल्याचं समाधान मिळेल आणि हाती काही लागणार नाही.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालं. शिवार फेरी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, खरिपाची पिकं उभी असताना ठेवतात. त्या दिवसांत विद्यापीठाची संशोधन प्रक्षेत्रं सगळ्यांसाठी खुली असतात आणि ज्या शास्त्रज्ञांनी ती पिकं उभी केली ते बांधावर उभे राहून बोलतात. एरवी त्यांना गाठायचं तर ओळख काढा, वेळ मागा, कार्यालयाबाहेर थांबा. या दिवसांत त्यांचं कामच तुमच्याशी बोलणं असतं. करिअर निवडू पाहणाऱ्या मुलासाठी याहून मोठी सोय मला माहीत नाही, आणि अकोल्यात क्लासला राहणारी हजारो मुलं विद्यापीठाच्या फाटकासमोरून रोज जातात पण आत एकदाही शिरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

सोयाबीनच्या तुकड्यांपाशी जास्त वेळ थांबा. पीडीकेव्ही अंबा, सुवर्ण सोया हे वाण याच विद्यापीठाचे, अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रातून आलेले. तुमच्या भागात ते कोणी ना कोणी पेरलेले असतील. तिथं लेकीला विचारायला सांगा की हा वाण तयार कसा झाला. सोयाबीनचं फूल एवढंसं असतं आणि बहुतेकदा ते उमलण्याआधीच त्याचं स्वतःचं परागीभवन होऊन जातं. म्हणून संकर करायचा तर कळी असतानाच चिमट्यानं ती उघडून नर भाग काढावा लागतो आणि दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावावे लागतात. इतकं करूनही बऱ्याच कळ्या गळून जातात. ज्या टिकतात त्यांचं बी पेरायचं, पुढच्या पिढीत वेगवेगळी झाडं निघतात, त्यांतून निवड, पुन्हा पेरणी, पुन्हा निवड. मग केंद्रावर चाचणी, मग वेगवेगळ्या जिल्ह्यांत चाचणी, मग राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्को बैठकीत, म्हणजे संशोधनाचा आढावा घेणाऱ्या बैठकीत, त्याची छाननी. पहिल्या संकरापासून शेतकऱ्याच्या हातात पिशवी पडेपर्यंत दहाएक वर्षं सहज जातात. हे ऐकताना तुमच्या मुलीचा चेहरा पाहा. डोळे चमकले आणि तिनं पुढचा प्रश्न विचारला, तर तिची आवड खरी आहे असं समजा. मोबाईल काढून फोटो घेत पुढं निघाली, तर घरी येऊन शांतपणे पुन्हा बोला. दोन्ही उत्तरं उपयोगाचीच आहेत.

कपाशीच्या भागात गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, दिसतील. तुम्हाला ते ओळखीचे असतील, पण लेकीला कीटकशास्त्राच्या माणसाशी बोलू द्या. या विषयात सूक्ष्मदर्शक, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र सगळं येतं. अवजारांच्या विभागात रुंद वरंबा सरीचं यंत्र, पेरणीयंत्रं, मळणीयंत्रं दिसतील. ती तयार करणारे लोक कृषी अभियांत्रिकीचे बीटेक किंवा एमटेक असतात. घरात मुलीला इंजिनीअर करायचं ठरलं आहे ना, मग हीसुद्धा इंजिनीअरिंगचीच शाखा आहे, हे तिथं एकदा पाहून घ्या.

शास्त्रज्ञांपेक्षाही जास्त बोला ते तिथं मदतीला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांशी. एमएस्सी करणारी मुलंमुली प्लॉटजवळ, स्टॉलवर असतात. त्यांना तुमच्या लेकीनं सरळ विचारावं: बीएस्सीला तुमच्या वर्गात जे होते ते आज कुठं आहेत? किती जण नोकरीत, किती जण पुढं शिकतात, किती जण स्पर्धा परीक्षा देतात? वसतिगृह कसं आहे? ही मुलं खरं सांगतात. माहितीपत्रकात या प्रश्नांची उत्तरं नसतात.

इथं मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. कृषी पदवीचं सगळं गोड नाही. पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची. त्यानंतर एमपीएससीची कृषी सेवा, बँकांमधली कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची परीक्षा, कृषी विभागातली भरती, बियाणं आणि खत कंपन्या असे रस्ते आहेत. पण सरकारी जागा थोड्या, उमेदवार भरपूर, आणि पुण्यात खोली करून वर्षानुवर्षं तयारी करणारी कृषी पदवीधर मुलं मी पाहते आहे. ज्यांनी विद्यापीठात असतानाच एखादा विषय पक्का धरला, एमएस्सीसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची परीक्षा मनावर घेतली किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम केलं, त्यांचं चांगलं चाललं. आणखी एक, कॉलेज कोणतं मिळतं याला फार महत्त्व आहे. विद्यापीठाची स्वतःची, म्हणजे घटक महाविद्यालयं वेगळी आणि विद्यापीठाशी नुसती जोडलेली, म्हणजे संलग्न खासगी महाविद्यालयं वेगळी. खासगीतही चांगली आहेत. पण प्रवेश घेण्याआधी तिथलं प्रक्षेत्र, प्रयोगशाळा आणि शिकवणारी माणसं स्वतः जाऊन पाहावीच लागतात. तिथल्या मुलांनी 'आविष्कार' या राज्यपातळीवरच्या आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सवात कधी भाग घेतला का, तेही विचारा. हा महोत्सव २००६ पासून होतो, त्यात कृषी आणि पशुसंवर्धनाचा स्वतंत्र गट असतो आणि पदवीच्या मुलांनाही त्यात उतरता येतं. ज्या कॉलेजातून मुलं तिथं जातात, तिथले शिक्षक सहसा मुलांकडून काम करून घेणारे असतात.

गावात डोक्यावर टोपी, अंगात ॲप्रन घातलेल्या मुली बीजप्रक्रिया किंवा मातीचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवायला आल्याचं तुम्ही पाहिलं असेल. त्या कृषिकन्या. शेवटच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभवासाठी त्यांना काही आठवडे गावात काम करावं लागतं. पुढच्या वेळी आल्या तर त्यांना घरी चहाला बोलवा आणि लेकीशी फोनवर बोलायला द्या.

लेक अकोल्यात राहते, त्याचा शिवार फेरीनंतर डिसेंबरमध्येही फायदा घ्या. गेली काही वर्षं २७ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे पंजाबरावांच्या जयंतीला धरून, विद्यापीठात राज्यस्तरीय कृषी प्रदर्शन भरतं. पंजाबराव १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते आणि १९५९ मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागेही तेच उभे होते. शेतकऱ्यानं डोळ्यांनी पाहावं, हातात घेऊन पाहावं, यावर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात प्रदर्शन भरतं याचं मला अप्रूप वाटतं. हे प्रदर्शन शिवार फेरीसारखं नसतं. इथं ठिबकच्या, ट्रॅक्टरच्या, बियाण्यांच्या, औषधांच्या कंपन्या येतात, बचत गटांचे स्टॉल असतात, गर्दी खूप असते. मुलीसाठी त्यातला उपयोगाचा भाग एकच: कंपनीच्या स्टॉलवर उभी असलेली पंचविशीतली मुलं. त्यांतली बरीचशी कृषी पदवीधर असतात. दुपारी गर्दी ओसरली की त्यांना विचारा, महिन्यात किती दिवस फिरावं लागतं, विक्रीचं टार्गेट असतं का, मुलींना क्षेत्रावरचं काम मिळतं का, पगार सुरुवातीला किती. नोकरीचं खरं रूप तिथं कळेल.

रिसोडहून हिंगोलीमार्गे परभणीही काही फार लांब नाही. तिथलं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं. स्थापनादिनी, १८ मेला, तिथं खरीप मेळावा असतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी मेळावा. तुम्ही बियाण्यासाठी तिथं जाणार असाल तर अकरावीच्या सुट्टीत लेकीला सोबत न्या. परभणी क्रांती ही भेंडी तिथलीच. पिवळ्या शिरांच्या रोगाला तोंड देणारी भेंडी हवी म्हणून ती तयार झाली. दोन विद्यापीठं पाहिली की मुलीला तुलना करता येते, आणि परभणीत अन्न तंत्रज्ञानाचं महाविद्यालयही आहे, तेही आतून पाहता आलं तर पाहा. तारखा कधीकधी मागंपुढं होतात, त्यामुळे निघण्याआधी वर्तमानपत्रात किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

आता गणिताचं. सोडू देऊ नका, निदान आत्ता तरी. बीएस्सी कृषीसाठी सीईटी या प्रवेश परीक्षेचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गट चालतो, पीसीएमही (बायोलॉजीऐवजी गणित) चालतो. पण कृषी अभियांत्रिकीला गणित लागतं. इतर तांत्रिक शाखांच्या अटी तिनं त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्याव्यात. शिवार फेरीत तिला अवजारांचा विभाग सोयाबीनपेक्षा जास्त आवडला तर? अकरावीच्या सप्टेंबरमध्ये तो दरवाजा बंद करण्याचं काहीच कारण नाही. गणित जड जात असेल तर क्लासमध्ये तेवढ्या विषयाकडं जास्त लक्ष द्यायला सांगा. पशुवैद्यकीय शाखा तिच्या मनात आली तर तिथं 'नीट' ही वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ते विद्यापीठही वेगळं, नागपूरचं. तो विचार आता डोक्यात घालू नका, तिनं स्वतः काढला तर मग बोलू.

क्लासच्या सरांना आधीच फोन करून सांगा की रविवारची टेस्ट ती सोमवारी किंवा मंगळवारी देईल. बहुतेक ठिकाणी ऐकतात. तुम्ही सकाळच्या एसटीनं निघा, तिला होस्टेलवरून घ्या, डबा सोबत ठेवा. तिला एक वही न्यायला सांगा आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी मध्ये बोलू नका. परत आल्यावर मला पुन्हा लिहा. त्या पत्रात तिनं वहीत काय लिहून आणलं तेही येऊ द्या, म्हणजे बारावीनंतरच्या कॉलेजांबद्दल नेमकं बोलता येईल.