तीन जुन्या डेस्कटॉपवर प्रायव्हेट क्लाउड? आधी सेल बदला

ऑफिसने काढून टाकलेले १६ जीबी रॅमचे तीन डेस्कटॉप मिळालेत, त्यांवर ओपनस्टॅक (आपल्याच मशीनवर क्लाउड उभं करणारं सॉफ्टवेअर) आणि सेफ (Ceph, अनेक मशीनच्या डिस्क एकत्र जोडणारं स्टोरेज) शिकायचंय, तयारी कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. माझं कळकळीचं सांगणं: एक अख्खा शनिवार नुसत्या मशीनना द्या. तिन्ही कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदला. लाइट नसताना मशीनचं घड्याळ तोच चालवतो. पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो.

कोथरूडला घरी मी असंच क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनचा संच, उभं केलं होतं. एका गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली, दुपारी आली, तेव्हा एका मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं. सेफचे मॉनिटर (स्क्रीन नव्हे, प्रत्येक मशीनवर बसून क्लस्टरवर लक्ष ठेवणारे प्रोग्राम) घड्याळांतल्या ०.०५ सेकंदाच्या फरकावरही तक्रार करतात, इथे तर वर्षांचा हिशेब होता. मशीन एकमेकांची ओळख पटवायला वापरतात ती सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारली जात होती. लॅबचं नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेलं, त्यामुळे वेळ दुरुस्त करायलाही कुणी नाही. हाताने तारीख घातली, तरी व्हीएम (मशीनच्या आत चालणारी आभासी मशीन) सुरू होईनात. सेल मेल्यामुळे बायोसची (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंगही पुसली गेली होती आणि त्या मॉडेलवर व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हीएम चालवायची सोय, मुळात बंदच असतं. शेवटी सेल काढून मल्टिमीटर लावला: ३ व्होल्टच्या जागी १.९!

म्हणून सेल बदलल्यावर बायोसमध्ये जा. प्रोसेसर इंटेलचा असेल तर व्हीटी-एक्स, एएमडीचा असेल तर एसव्हीएम (दोन्ही व्हर्च्युअलायझेशनचीच नावं) चालू करा, लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल असं ठेवा आणि प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा. लॅबमधल्याच एका मशीनवर क्रोनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्राम) बसवून बाकीच्यांना तिथूनच वेळ घ्यायला लावा.

रॅम रात्रभर मेमटेस्ट या तपासणीच्या प्रोग्रामवर ठेवा. १६ जीबी तशी कमीच. सेफचा प्रत्येक ओएसडी (डिस्क सांभाळणारा प्रोग्राम, साधारण दर डिस्कला एक) मूळ सेटिंगप्रमाणे सुमारे ४ जीबी रॅम धरतो. पैसे असतील तर एकाच मशीनची रॅम ३२ करा आणि कंट्रोलर (ओपनस्टॅकचा कारभार चालवणारा भाग) तिथेच ठेवा. आधी त्या एकट्यावर कोला-अॅन्सिबल या ओपनस्टॅक बसवणाऱ्या साधनाने सगळं बसवून बघा. त्याला किमान ८ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क आणि दोन नेटवर्क पोर्ट लागतात. जुन्या डेस्कटॉपला पोर्ट एकच असतो, तेव्हा नेटवर्क कार्ड घ्याच. मशीन जोडणारा स्विच व्हीलॅनवाला, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडता येणारा, हवा.

तिसरं मशीन मात्र ‘नंतर जोडू’ म्हणून बाजूला ठेवू नका. तीन मॉनिटरपैकी एक पडला तर उरलेल्या दोघांचं बहुमत होतं. दोनच असतील तर एक पडला की सगळं थांबतं.

सगळं उभं राहिलं की एका मशीनची लाइटची वायर मुद्दाम उपसा. १० मिनिटांनी सेफ त्याचे ओएसडी बाद धरतो, तेवढं होऊ द्या. मग वायर लावा, आणि मशीन वर आलं की सगळ्यात आधी तारीख बघा.