सोलापूरच्या विडी कामगार वस्तीत गृहभेटीला गेल्यावर पर्यावरणातले धोके नेमके कसे तपासायचे?

तुम्ही विचारलंय की जीएनएमची (नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची) कम्युनिटी पोस्टिंग सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत लागली आहे, पुस्तकातली धोक्यांची यादी पानभर आहे आणि एका घरात मिळतात जेमतेम वीस मिनिटं, तर बघायचं काय?

आधी दिवस ठरवा. नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी जा. सोलापुरात पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक दारात बॅरल, आत हौद, मोरीत घागरी. पाणी आलं त्या दिवशी सगळं स्वच्छ दिसतं. खरी स्थिती शेवटच्या दिवशी कळते.

बॅरलवर एकदम टॉर्च मारू नका आणि बॅरल हलवू नका. सावली पडली, धक्का बसला की डासाच्या अळ्या सुळकन तळाला जातात आणि तुम्ही "नाही" लिहून मोकळ्या होता. झाकण हळू सरकवा, मिनिटभर थांबा. श्वास घ्यायला अळ्या वर येतातच. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले तर घाई करा, दोन-तीन दिवसांत त्यातून डास उडणार.

इथे हमखास ऐकाल, "ताई, आम्ही तर दर चार दिवसांनी नवीन पाणी भरतो." खरंय, पण भरतात ते जुन्यावरच. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बॅरलच्या आतल्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात. वरून पाणी भरलं, पातळी चढली, अंडी भिजली की फुटतात. म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही, घासावं लागतं. तळाचं दोन-तीन बोटं पाणी संडासाला वापरायला काढा, आतली भिंत काठापर्यंत काथ्याने किंवा ब्रशने घासा, धुवण गटारात न टाकता कोरड्या मातीवर ओता. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा हे झालंच पाहिजे. "कोरडा दिवस पाळा" म्हणून सोमवार-मंगळवार ठरवून दिला तर कुणी पाळणार नाही. टंचाईत भरलेलं पाणी कोण ओतेल? कोरडा दिवस पाण्याच्या पाळीला बांधा. प्लास्टिकचं झाकण उन्हाने वाकतं, फट राहते. त्याखाली जुन्या साडीचं कापड ताणून दोरीने बांधायला सांगा.

मोजणी मात्र चोख करा. 25 घरं, 100 भांडी, अळ्या सापडल्या 3 घरांत आणि 5 भांड्यांत, तर हाऊस इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्या असलेली घरं) 12, कंटेनर इंडेक्स (शंभर भांड्यांमागे अळ्या असलेली भांडी) 5, ब्रेटो इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी) 20. हे आकडे हातात असले की फवारणी आणि औषध मागताना बोलणं ठाम होतं.

त्याच भेटीत ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी ऑर्थोटॉलिडिन चाचणी) करा. पाणी आल्या दिवशी पिवळा रंग येतो, पण उघड्या बॅरलमध्ये ऊन आणि वेळ यांनी क्लोरीन उडून जातं आणि चौथ्या दिवशी नळी पांढरीच राहते. क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खाली गेलेलं पाणी पिण्यापुरतं तरी उकळावं किंवा पाकिटावरच्या मापाने क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं. दोन पाळ्यांच्या मध्ये पाइप रिकामा असतो, फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाळीचं पहिलं गढूळ पाणी पिण्यात नको.

आता विडी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं, आणि त्याच खोलीत चूल, पोरं, पाळणा. तंबाखूची भुकटी श्वासातून जाते, निकोटिन कातडीतूनही मुरतं. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे घरोघर सांगतील. हातमोजे सुचवू नका. विडी वळायला बोटांची जाण लागते आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. जे जमतं ते सांगा: दारापाशी उजेडात बसणं, पाळणा भुकटीच्या वाऱ्यापासून लांब, सूप घरात न झटकणं, कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसणं. बाळाला पाजण्याआधी साबणाने हात धुणं आणि पदर किंवा वरचं कापड बदलणं, हे तर प्रत्येक ओल्या बाळंतिणीला सांगाच. गरोदर बाई असेल तर वजन आणि हिमोग्लोबिनकडे जास्त लक्ष द्या. तंबाखूच्या संपर्काने बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती खोकल्यात. "तंबाखूचा खोकला आहे, सगळ्यांनाच असतो" म्हणून घरचे सोडून देतात आणि टीबी महिनोन्‌महिने तसाच राहतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर कारण न शोधता बेडका तपासायला पाठवा, तपासणी फुकट आहे. नवरा यंत्रमागावर असेल तर त्याला वेगळं विचारा: सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जास्त भरते का? सुताच्या धुळीच्या आजाराची ती खूण आहे. मागाच्या सततच्या आवाजाने ऐकू कमी येतं, म्हणून हाक मारल्यावर तो ऐकतो का तेही बघा.

सोलापूरच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. नीळ्ळु म्हणजे पाणी, दोमा म्हणजे डास. हे दोन शब्द आले तरी म्हातारी बाई स्वतः उठून बॅरलचं झाकण काढून दाखवते.