36,000 चं कापड दारात येईपर्यंत 60,000 चं होतं

आर्वी तालुक्यातल्या एका ताईंनी पत्र पाठवलंय. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी (कपाशी) आणि सोयाबीन. ताई दुपारच्या वेळी गोधड्या शिवतात. वर्षभरात सात विकल्या, प्रत्येकी 2,800 रुपयांना. मोबाइलवर अमेरिकेतल्या क्विल्टचे, म्हणजे तिकडच्या गोधड्यांचे, व्हिडिओ बघून त्यांचं मन तिकडच्या कापडावर बसलं. एका दुकानात 400 डॉलरची टोपली भरून ठेवली आहे: 24 यार्ड छापील सुती कापड, आत घालायचा एक मोठा कापसाचा थर, गोल पात्याचा कटर, कापताना खाली ठेवायची चटई आणि पट्टी. लाडक्या बहिणीचे 18 हप्ते न मोडता साठवलेले 27,000 जवळ आहेत. उरलेले नऊ-दहा हजार बचत गटातून शेकडा दोन रुपये महिन्याने उचलायचे, असा बेत आहे. "घेऊ का?" एवढंच त्यांनी विचारलंय.

ताई, कापड परदेशातून मागवू नका. अवजारं जरूर घ्या, पण इथूनच. असं का म्हणते ते आकड्यांतच बघा.

डॉलर 90 रुपयांचा धरला तर 400 डॉलरचे 36,000 होतात. तुम्ही इथवरच आलात. त्या टोपलीत पाठवणावळ धरलेली नाही. एवढं वजन विमानाने यायला 90 डॉलर धरा, म्हणजे रक्कम 44,100 झाली. बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर साधारण साडेतीन टक्के घेते, त्यावर जीएसटी, असे 1,800 गेले. मग कस्टम. ही ड्युटी नुसत्या कापडाच्या किमतीवर लागत नाही. किंमत, विमा आणि वाहतूक मिळून जो आकडा होतो त्यावर लागते, आणि तिच्यासकट आलेल्या रकमेवर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. हे दर बजेटमध्ये खालीवर होत राहतात, म्हणून मी हिशेबापुरते सगळे मिळून 30 टक्के धरते: 13,230. कुरिअरवाल्याचं सोडवणुकीचं शुल्क हजारभर. बेरीज 60,000 च्या वर जाते. म्हणजे गटातून दहा नाही, 33,000 उचलावे लागतील, आणि पहिल्याच महिन्याचं व्याज 660 रुपये.

"सर्व करांसह" असं दुकानाने लिहिलं असलं तरी त्यावर विसंबू नका. माझ्या मुलीने बाहेरून रंगीत पेन्सिली मागवल्या होत्या, तिथेही हेच लिहिलं होतं. माणूस दारात येऊन आणखी 2,140 रुपये मागायला लागला. दुकान म्हणालं कुरिअरला विचारा, कुरिअर म्हणालं दुकानाला. शेवटी पैसे भरूनच खोकं घेतलं.

आता एका यार्डाकडे बघा. अंगावर पडणारा सगळा खर्च वाटून टाकला तर टोपलीतल्या प्रत्येक डॉलरचे दीडशे रुपये होतात. 12 डॉलरचं यार्ड तुम्हाला 1,800 ला पडलं. यार्ड म्हणजे 36 इंच, मीटरपेक्षा जवळपास साडेतीन इंच कमी. पन्हा 42 ते 44 इंच, आपल्या कापडासारखाच. पलंगाच्या एका गोधडीची वरची बाजू जोडायला पाच यार्ड लागतात. म्हणजे फक्त वरचं कापड 9,000 रुपयांचं, आणि गोधडी विकते 2,800 ला. दोरा, अस्तर, तुमचे वीस दिवस यात मी अजून धरलेच नाहीत.

तुम्हाला आवडलेली ती पाच इंची चौकोनांची चवड घ्या. 42 चौकोन असतात तिच्यात. दिसते भरगच्च, पण उलगडून मांडली तर पाऊण यार्डही भरत नाही. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत गेलं की चौकोन उरतो साडेचार इंचाचा, म्हणजे कापडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा शिवणीतच जिरतो. तिकडे वेळ वाचवायला लोक तयार कापलेले तुकडे घेतात. तुमच्याकडे कात्री आहे आणि हात बसलेला आहे.

सगळ्यात जास्त जीव तुटला तो कापसाच्या थरावर. टोपलीत तो 40 डॉलरचा आहे, म्हणजे दारात 6,000 ला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. ज्या घरात पऱ्हाटी पिकते त्या घराने एका गोधडीच्या पोटात घालायला पाऊण क्विंटल कापसाचे पैसे अमेरिकेला पाठवायचे? तो थर सुयांनी ठोकून एकजीव केलेला असतो, म्हणून विरळ टाके घातले तरी सरकत नाही, हे खरं. पिंजलेला मोकळा कापूस धुण्यात गोळा होतो, हेही खरं. पण आपल्या आज्यांनी यावर उपाय केलेलाच आहे: आत जुनं मऊ लुगडं, आणि वरून बोटभर अंतरावर धावदोरा. ज्या गोधडीचा फोटो तुम्ही पाठवलाय तिच्यात मी टाके मोजले. एका वितीत बारा ओळी. एवढे दाट टाके असताना तो थर हवाच कशाला? हलकी, फुगीर रजई कुणी मागितलीच तर नागपुरात गादी-रजईच्या ठोक दुकानांत पॉलिएस्टरची गुंडाळी मिळते.

एक कायद्याची बाजूही सांगते. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या मालाला आयात-निर्यात कोड लागत नाही. विकायच्या गोधड्यांसाठी कापड आणलं की तो व्यापार झाला, आणि मग विदेश व्यापार महासंचालनालयाचा दहा अक्षर-आकड्यांचा कोड काढावा लागतो. "गिफ्ट लिहून पाठवतो" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ऑनलाइन विकत घेतलेला माल भेट म्हणून सोडवून घ्यायची वाट डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडून.

आणि तुम्ही पाठवलेली ती दुसरी लिंक, "दुकान बंद होतंय, 80 टक्के सूट", ती उघडूसुद्धा नका. जोअॅन ही अमेरिकेतली कापड-शिवणाची मोठी दुकानसाखळी 2025 मध्ये खरोखर बंद पडली. तिच्या नावाने खोट्या वेबसाइट निघाल्या, आणि कितीतरी लोकांनी तिथे कार्डाचे आकडे भरले. तुमचं कार्ड जनधन खात्याचं रुपे आहे, ते बहुतेक परदेशी दुकानांत चालत नाही. पुतण्याचं कार्ड वापरायचं म्हणताय, तर फसवणूक झाली की दोन घरं अडकतील. पार्सल कस्टममध्ये अडकलंय, अमुक नंबरवर पैसे टाका, असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. गेलेच पैसे तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

अवजारांचं मात्र मी मनापासून हो म्हणते. गोल पात्याचा कटर 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने काढला आणि जगभरातल्या क्विल्टवाल्यांचं काम पालटलं. चार पदर एकावर एक ठेवून सरळ रेघेत कापता येतात. 45 मिलिमीटरचं पातं, खाली चटई, वर पारदर्शक पट्टी. हे भारतातल्या साइटवर रुपयांत मिळतं, खराब निघालं तर परत करता येतं. तीन-चार हजारांपुढे जाऊ नका. त्याआधी गावच्या सीएससी केंद्रात (जिथे सरकारी योजनांचे अर्ज भरतात) पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या योजनेची चौकशी करा. त्या योजनेच्या अठरा व्यवसायांत शिवणकाम आहे, आणि अवजारांसाठी 15,000 पर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. घरटी एकालाच लाभ मिळतो, आणि घरात सरकारी नोकरी नको.

कापडासाठी एक दिवस काढून नागपूरला गांधीबागेत जा. 44 इंच पन्ह्याचं छापील कॅम्ब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड, हातात घेऊन, चोळून, उजेडात धरून बघा. मोबाइलच्या काचेवर रंग कळत नाही आणि पोत तर मुळीच नाही. वर्ध्याला मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगाची खादी मिळते. ती महाग आहे, पण एका गोधडीत दोन-तीन पट्टे घातले तरी शहरातला माणूस थांबून विचारतो. कापायच्या आधी प्रत्येक कापड रंगानुसार वेगळं भिजवा. गडद लाल आणि निळ्याचं पाणी दोनदा बदला. सगळं मिळून आठ हजारांत सहा गोधड्यांचं कापड होतं. उरलेले पंधरा हजार बँकेत राहू द्या. सोयाबीन घरात येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, आणि गटातून काहीही उचलायचं नाही.

परदेशी कापडाची हौस मला कळते, ताई. नणंदेची मुलगी तिकडे असते म्हणालात ना? ती येईल तेव्हा 30 डॉलरचे तुकडे तिच्या बॅगेत येऊ द्या. पाठवणावळ वाचेल, आणि एवढ्याशा कापडावर ड्युटीचाही प्रश्न येणार नाही. पण ते विकायला वापरू नका, घरच्या लेकरासाठी शिवा.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. 2,800 च्या गोधडीत इथल्याच कापडाचे, अस्तराचे, दोऱ्याचे 1,300 जातात. वीस दुपारींचे 1,500 उरतात, दिवसाचे 75. निंदणाच्या अर्ध्या दिवसाची मजुरीही याहून जास्त आहे. अमेरिकेचं कापड लावून हे 75 वाढणार नाहीत. पुण्याच्या ज्या बाईंनी दोन गोधड्या मागितल्यात आणि किंमत विचारलीय, त्यांना अजून कळवलं नसेल तर 4,500 कळवा, निम्मे पैसे आधी घ्या. वितीत बारा ओळींचा तो फोटो सोबत पाठवा. त्या काय म्हणाल्या ते मला लिहा.