प्रायॉनवर (घडी बिघडून रोग पसरवणाऱ्या प्रथिनावर) सेमिनार देणार असशील तर

‘अल्फा हेलिक्सचं बीटा शीट झालं’ (प्रथिनाच्या साखळीतल्या मळसूत्री वेटोळ्यांच्या सपाट पट्ट्या झाल्या) एवढं वाक्य पाठ करून उभा राहू नकोस, पहिल्याच प्रश्नाला अडकशील.

आधी निरोगी प्रथिन नीट बघ. पुढचा जवळजवळ अर्धा भाग मोकळा लोंबता, मागच्या भागात तीन हेलिक्स आणि दोन आखूड बीटा पट्टे. रोगकारक रूपात अमिनो आम्लांचा क्रम तोच, घडी मात्र पार वेगळी.

खरी गंमत पुढे आहे. २०२१ साली क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉनांनी चित्रं घेण्याच्या पद्धतीने) हॅमस्टरमधल्या प्रायॉनचा तंतू बारकाईने दिसला. त्यात प्रत्येक रेणू चपटा, आणि भाकऱ्यांच्या चवडीसारखा एकावर एक, साधारण ४.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) अंतराने. म्हणजे बीटा शीट बनतं ते शेजारच्या रेणूंना जोडून. टोकाचा रेणू नव्यासाठी साचा ठरतो, प्रसार होतो तो असा. जुन्या स्लाइड्समधलं चार वेढ्यांचं सोलेनॉइड मॉडेल (प्रत्येक रेणू स्प्रिंगसारखा गुंडाळलेला मानणारं) यात बसत नाही, कुणाची तरी पीपीटी उचलणार असलास (उचलशीलच!) तर साल तपास.

प्रायॉनच्या वेगवेगळ्या स्ट्रेन (उपप्रकार) म्हणजे घडीतले फरक, हेही सांग.

नाशिकमध्ये बसूनही हे सगळं हाताळता येतं: प्रोटीन डेटा बँकेतून (प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन साठ्यातून) फाइल मोफत घे, कायमेरा-एक्स या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघड आणि तंतू आडवा करून बघ. १९८२ साली प्रुसिनरने प्रायॉन हे नाव दिलं, पुढे त्याला नोबेल मिळालं वगैरे एका स्लाइडमध्ये उरक.