गुण घसरले म्हणजे केंद्राचा उपयोग नाही का?

प्रश्न : ताई, बाबांना अल्झायमर आहे. वर्षभरापासून ते दिवसा देखभाल केंद्रात जातात. तिथल्या चाचणीत सुरुवातीला 30 पैकी 19 गुण होते, आता 16 आहेत. शिवाय दर तीन महिन्यांनी मलाही फॉर्म भरावे लागतात. गुण घसरणारच असतील तर हा खटाटोप कशासाठी?
– एक वैतागलेली मुलगी

उत्तर : वैताग रास्त आहे. केंद्रात नवी होते तेव्हा मीही हे फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी एकगठ्ठा उरकून फाइलला लावायची. त्याचा कुणालाच काही उपयोग झाला नाही.

तुम्ही सांगताय ती चाचणी बहुधा एमएमएसई. 1975 पासून ती वापरात आहे. आजची तारीख सांगा, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, असं तिचं स्वरूप. आजार कुठवर आलाय ते त्यातून कळतं, माणसाचा दिवस कसा जातो ते नाही. अल्झायमरमध्ये वर्षाला दोन-तीन गुण कमी होणं नवल नाही. (चाचणीच्या वेळी बाबांच्या डोळ्यांवर चष्मा होता ना? चष्मा नसणंही गुण खातं.)

केंद्राचं काम दुसऱ्या फॉर्ममध्ये दिसतं. एनपीआय म्हणजे वागणुकीतल्या आणि मनःस्थितीतल्या बदलांचा फॉर्म, त्यात 12 लक्षणं असतात. प्रत्येक लक्षण किती वेळा आणि किती तीव्र, यांचा गुणाकार करायचा. आमच्याकडच्या एका आजोबांचा चिडचिडीचा आकडा 2 वरून 8 वर गेला. झोपेची गोळी मागण्याआधी आम्ही फक्त वेळ लिहून ठेवली. रोज दुपारी तीननंतर. मग आमच्या एका सेविकेच्या लक्षात आलं की खुर्चीतून उठताना त्यांचा चेहरा आक्रसतो आणि हात गुडघ्यावर जातो. बोलून दुखणं सांगता येत नाही अशांसाठी पेनॅड नावाची मोजपट्टी आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराची हालचाल, समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकी 0 ते 2. त्यांचे 5 भरले. डॉक्टरांनी गुडघ्यावर उपचार सुरू केले, आम्ही उंच खुर्ची आणली. तीन आठवड्यांत चिडचिड 3 वर आली. एमएमएसई मात्र होती तिथेच!

तेव्हा पुढच्या वेळी केंद्राला थेट विचारा, "मागच्या फॉर्मनंतर तुम्ही बाबांसाठी काय बदललंत?" उत्तर आलं नाही, तर तक्रार जरूर करा.

तुमच्या फॉर्मपैकी एक झॅरिटचा असेल, काळजी घेणाऱ्यावरचा ताण मोजणारा, 22 प्रश्नांचा. त्यात भिडेपोटी 'कधीच नाही'वर खुणा करू नका. तुम्ही थकलात हे कागदावर दिसलं, तर बाबांचे केंद्रातले दिवस वाढवून मागायला आधार मिळतो.

आणि क्यूओएल-एडी, म्हणजे रुग्णाचं जगणं कसं चाललंय ते पाहणारा फॉर्म, त्याचे 13 प्रश्न केंद्रातले लोक बाबांना स्वतःला विचारतात का, तेही पाहा. घरचे सहसा रुग्णापेक्षा कमी गुण देतात. 16 गुणांवरची माणसं आपलं कसं चाललंय हे बऱ्याचदा नीट सांगतात, फक्त प्रश्न एकेक करून, समोर बसून विचारावा लागतो.