मुंबईची हवा सुधारणं सरकारच्या हातात खरंच आहे का, की सगळं वाऱ्यावरच अवलंबून? आणि जबाबदार कोण, केंद्र, राज्य की महापालिका?

हातात आहे. सरकारने मनात आणलं की काय होतं ते आमच्या घराने भोगलंय, म्हणून लिहायला बसलो.

बाबा टॅक्सी चालवायचे. पेट्रोलवरची पद्मिनी, जुनी, पण हातावर जपलेली. 1999 मध्ये वाहनांच्या धुराविरुद्ध जनहित याचिका उच्च न्यायालयात गेली, उपाय सुचवायला लाल समिती बसली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जुन्या टॅक्सीवाल्यांसमोर दोनच वाटा उरल्या: सीएनजी किट बसवा, नाहीतर गाडी काढा. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून किट बसवलं. सिलिंडरने डिकी खाल्ली, सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. पंप मोजके. रात्री अकराला लाईन लावायची, स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपायचं, लाईन सरकली की मागचा बॉनेटवर थाप मारून उठवणार. नंबर आला की पंपावरचा सांगणार, प्रेशर नाही. अर्धी टाकी घेऊन परत.

मी तेव्हा कॉलेजात, पेपर वाचून शहाणा झालेला. एकदा जेवताना बोललो, "बाबा, लोकांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे, तुम्हाला कर्जाचं पडलंय." ते ताटावरून उठले. "धूर काय माझ्याच गाडीला हाय? माहुलची धुराडी दिसत न्हाईत व्हय तुझ्या कोर्टाला?" (माहुल म्हणजे चेंबूरजवळचा तेलशुद्धीकरण कारखान्यांचा भाग.) त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं आईमार्फत.

टॅक्सीचा निर्णय बरोबरच होता, हे मी आजही म्हणतो. काही वर्षांत शहरभरच्या टॅक्सी आणि रिक्षा गॅसवर गेल्या. सरकार, कोर्ट, आरटीओ एका दिशेने चालले तर होतं. पण ते कुणाच्या बाबतीत होतं, हे बघा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट सुरू झालं. पाडकाम, मग खोदकाम, मग रात्री दीड-दीडला काँक्रीटचा मिक्सर ट्रक. गॅलरीतली तुळस राखाडी. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने नियम काढले होतेच: एक एकरापेक्षा मोठा भूखंड किंवा 70 मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर भोवती 35 फुटी पत्रे, हिरवं कापड लावायचं, पाण्याचे फवारे, राडारोड्याचे ट्रक झाकून, चाकं धुऊनच बाहेर. आमच्याकडे कापड फाटलेलं आणि चाकं धुवायला फक्त पाऊस. तक्रार केली. पहिल्या ऑफिसात म्हणाले बांधकाम आमचं, मिक्सर नाही. दुसऱ्यात म्हणाले काँक्रीटचा प्लांट आमच्याकडे, रस्त्यावरची धूळ नाही. तिसऱ्यात अर्जाचा नमुनाच वेगळा होता. महिन्याने मेसेज आला, तक्रार निकाली. सोबत पाणी मारणाऱ्या टँकरचा फोटो. तो रस्ता आमचा नव्हताच, मागे दिसत असलेलं देऊळ आमच्या भागात नाही!

त्यामुळे "जबाबदार कोण" याचं उत्तर: तिघेही, आणि म्हणून कुणीच नाही. मर्यादा केंद्र ठरवतं (पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, त्यांच्यासाठी 24 तासांची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना 15 म्हणते). 1981 च्या हवा कायद्याखाली कारखान्यांना संमती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. बांधकामाची परवानगी महापालिका देते. आणि हवेला मुलुंडचा नाका, म्हणजे मुंबईची हद्द, कळत नाही. महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, धूळ ठाण्याची, नाक आपलं. दिल्लीभोवती चार राज्यं अडकलेली असूनही 2021 च्या कायद्याने एक आयोग बसवला. तो फार काही दिवे लावतोय असं नाही, पण निदान आदेश एका जागेहून निघतात. इथे सगळा प्रदेश एकाच राज्यात, तरी कायद्याने बसवलेला तसा आयोग नाही. वाऱ्यावर सोडलंय म्हणतात ते हेच.

मनात आलं की होतं, याचा ताजा पुरावाही आहे. डिसेंबर 2024 च्या अखेरीस एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक) 200 च्या वर गेला तेव्हा बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली सगळी बांधकामं, खासगी आणि सरकारी दोन्ही, थांबवली होती. म्हणजे हात आहेत. वर्षभर खिशात असतात, एवढंच.

वाऱ्याचं म्हणाल तर तेही खोटं नाही. हिवाळ्यात समुद्रावरचा वारा मंदावतो, थंड हवा खाली बसते, धूळ वर जात नाही. पण नोव्हेंबर दरवर्षी येतो. ते कारण कसलं, ते वेळापत्रक. (मी हवामानतज्ज्ञ नाही, अकाउंट्समध्ये आहे. कुणी दुरुस्त केलं तर राग नाही.)

तक्रार करणार असाल तर फोटोवर तारीख-वेळ येऊ द्या, ट्रकचा नंबर घ्या आणि तक्रार एकट्याने नको, सोसायटीच्या लेटरहेडवर करा. आमची दुसरी तक्रार तशी गेली तेव्हा कापड बदललं. मिक्सर मात्र अजून दीडलाच येतो.

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. त्या रात्रीच्या मिक्सरकडे गॅलरीतून बघत त्यांनी मला विचारलं, "ह्याचं पासिंग कुठं होतं रे?" मला उत्तर आलं नाही. माहुलच्या धुराड्यांबद्दल ते बरोबर होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. इथे लिहितोय, कारण ते इथलं काही वाचत नाहीत.