टोकेलाऊ अजून न्यूझीलंडकडे का? त्यांना स्वातंत्र्य नको आहे का?

मला विचाराल तर याचं उत्तर राजकारणाआधी जमिनीत शोधावं.

सामोआच्या उत्तरेला साधारण ५०० किलोमीटरवर अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो अशी तीन कंकणद्वीपं म्हणजे टोकेलाऊ. ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वाढत राहिलं, मधला डोंगर खचत समुद्रात गेला आणि उथळ पाण्याभोवती चिंचोळ्या बेटांचं कडं उरलं. आपलं लक्षद्वीप असंच घडलंय. तिन्हींची मिळून जमीन १२ चौरस किलोमीटरच्या आसपास, उंची जेमतेम ५ मीटर. नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं. २०११ मध्ये पावसाने दगा दिला तेव्हा आणीबाणी जाहीर करून बाहेरून पाणी आणावं लागलं. विमानतळ नाही. सामोआची राजधानी आपियाहून जहाजाने दिवसभराहून जास्त लागतो आणि तेही प्रवाळकड्याबाहेरच थांबतं. पुढे माणसं आणि सामान छोट्या होडीत.

एवढ्याशा वस्तीवर १८६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी धाड घातली. सुमारे अडीचशे माणसं, म्हणजे जवळपास निम्मं टोकेलाऊ, त्यांनी उचलून नेलं. परतले फारच थोडे. त्यानंतर १८८९ मध्ये ब्रिटिश संरक्षण आलं, १९२६ मध्ये कारभार न्यूझीलंडकडे गेला आणि १९४९ पासून ही बेटं त्या देशाचाच भाग झाली.

आता तुमचा मुख्य प्रश्न. स्वयंशासनासाठी २००६ आणि २००७ मध्ये सार्वमत झालं. (पूर्ण स्वातंत्र्य नव्हे, न्यूझीलंडशी संबंध ठेवून स्वतःचा कारभार.) दोन्ही वेळा बहुमत 'हो'कडेच होतं, पण अट दोन तृतीयांश मतांची. दुसऱ्या वेळी ४४६ विरुद्ध २४६, म्हणजे फक्त १६ मतं कमी पडली! त्यामुळे 'त्यांना नकोच होतं' हे काही खरं नाही.

तरीही 'नाही' म्हणणाऱ्यांची धास्ती मला पटते. बेटांवर दीड हजारांच्या आसपास माणसं, न्यूझीलंडमध्ये त्यांच्या कितीतरी पट नातलग. शिक्षण, मोठं दुखणं, नोकरी, सगळ्याला तिकडेच जायचं. टोकेलाऊचे लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत. त्या नात्याला धक्का लागेल ही शंका कोणालाही येईल.

आणि रोजचा कारभार वेलिंग्टनहून चालतो असंही नाही. गावाचे निर्णय ज्येष्ठांची सभा घेते. गावाने धरलेले मासे 'इनाती' पद्धतीने घराघरांत वाटले जातात. प्रमुखपद तिन्ही बेटांत आळीपाळीने फिरतं.